तुटलेली शीर आणि अडीचशे वर्षांचा वाद

शाळेच्या क्रीडामहोत्सवातली शेवटची शर्यत बहुधा शिक्षकांची असते. वर्षभर वर्ग ते शिक्षकखोली यापलीकडे ज्यांनी पायांना फारसे कष्ट दिलेले नसतात, असे पस्तिशी-चाळिशीचे शिक्षक त्या दिवशी मुलांच्या आरोळ्यांनी चेव येऊन धावतात. आमच्या परिचयाचे एक गणिताचे शिक्षक अशाच एका शर्यतीत शिटी वाजताच झेपावले आणि तिसऱ्या पावलाला थांबले. मागून कुणीतरी पोटरीखाली काठी मारली असे त्यांना वाटले. रागाने वळून पाहिले तर मागे कुणीच नव्हते.

टाचेमागची शीर तुटली होती. पुढच्या दोन दिवसांत दोन डॉक्टरांनी त्यांना दोन सल्ले दिले. एकाचे म्हणणे, ताबडतोब शस्त्रक्रिया करून शीर शिवून घ्या. दुसऱ्याचे म्हणणे, शिवायची गरज नाही, पाय योग्य रीतीने बांधून ठेवला तर ती आपली आपण जुळेल. सरांनी आम्हांला विचारले, "एकाच गणिताची दोन उत्तरे बरोबर कशी असतील?" आम्ही काही वैद्यकाचे डॉक्टर नव्हे, आमची डॉक्टर ही पदवी प्रयोगशाळेतली. पण प्रश्न विज्ञानाच्या पद्धतीचा होता. त्याचे उत्तर शोधताना जो इतिहास हाती लागला, तो आमच्या शिक्षक वाचकांना ठाऊक असावा असे वाटते.

शीर म्हणजे नेमके काय?

टाचेच्या मागे, घोट्याच्या किंचित वर बोटे लावून पाहा. अंगठा आणि तर्जनी यांच्या चिमटीत धरता येईल असा एक ताठ दोर हाताला लागेल. पोटरीतले दोन मोठे स्नायू खाली येता येता या पांढऱ्या, चिवट पट्ट्यात मिळतात आणि पट्टा टाचेच्या हाडाला घट्ट जोडलेला असतो. स्नायूला हाडाशी जोडणाऱ्या अशा पट्ट्याला शरीरशास्त्रात कंडरा म्हणतात. ही कंडरा सुमारे १५ सेंटिमीटर लांब असते आणि शरीरातल्या सर्व कंडरांमध्ये ती सर्वांत जाड आणि मजबूत आहे. चवड्यावर उभे राहणे, जिना चढणे, उडी मारणे या सगळ्या वेळी पोटरी वर ओढते, कंडरा तो ओढा टाचेपर्यंत पोहोचवते आणि टाच उचलली जाते. धावताना तिच्यावर शरीराच्या वजनाच्या कित्येक पट ताण येतो.

हे वर्गात दाखवणे अगदी सोपे आहे. एका विद्यार्थ्याला खुर्चीवर गुडघे टेकून, पावले मागे मोकळी लोंबतील असे बसवा. त्याची पोटरी हाताने हलकेच दाबा. त्याने काहीही न करता पाऊल आपोआप ताणले जाते, चवडा नडगीपासून दूर सरकतो. पोटरी दाबली की तिच्याशी जोडलेला दोर ओढला जातो, एवढेच यामागचे कारण. दोर तुटला असेल तर पोटरी कितीही दाबली तरी पाऊल जागचे हलत नाही. १९५७ साली इंग्लंडमधील सिमंड्स आणि १९६२ साली अमेरिकेतील थॉम्पसन यांनी हीच गोष्ट निदानाची कसोटी म्हणून मांडली आणि आजही डॉक्टर सर्वप्रथम हेच करून पाहतात.

या कसोटीची गरज एवढ्यासाठी की शीर तुटलेला माणूस पाऊल थोडेफार खाली दाबू शकतो. बोटांकडे जाणारे आणि घोट्याच्या आतल्या बाजूचे स्नायू तेवढे काम करून देतात. पहिल्या दिवसानंतर वेदनाही फारशी राहत नाही. त्यामुळे पाय मुरगळला असे समजून लेप लावण्यात आठवडे निघून जातात, आणि हे आठवडे किती मोलाचे असतात ते पुढे दिसेलच.

मराठीत ‘शीर’ हा शब्द आपण रक्तवाहिनीलाही वापरतो, मज्जातंतूलाही आणि कंडरेलाही. हाताची शीर फुगली, मानेची शीर दबली, पायाची शीर ताणली. तीन वाक्यांतल्या तीन शिरा वेगळ्या. हा घोटाळा केवळ आपलाच नाही. प्राचीन ग्रीक भाषेत ‘न्यूरॉन’ या शब्दाचा मूळ अर्थ कंडरा, दोरी असाच होता आणि पुढे तोच शब्द मज्जातंतूला लागला. या शब्दाच्या घोटाळ्याने रोग्यांचे मोठे नुकसान केले. हिप्पोक्रेटिसच्या नावावर असलेल्या ग्रंथांत टाचेमागच्या शिरेला इजा झाल्यास तीव्र ताप, भ्रम आणि अखेर मृत्यू ओढवतो असा इशारा आहे. दुसऱ्या शतकातला गेलेन तर कंडरेत मज्जातंतू मिसळलेले असतात असे मानी. म्हणून कंडरेला सुई टोचली तर झटके येतात अशी समजूत रूढ झाली आणि ती शतकानुशतके टिकली. मध्ययुगात इब्न सिना याने तुटलेली कंडरा शिवावी असे लिहिले, तरी युरोपातली भीती गेली नाही. १७५२ साली अल्ब्रेख्त फॉन हालर याने प्राण्यांच्या उघड्या कंडरांना टोचून, चिमटे घेऊन दाखवले की त्यांना वेदना जवळजवळ नसतेच. हजार-दीड हजार वर्षांचा धाक उठायला सुरुवात झाली ती त्यानंतर.

या शिरेचे नावही ग्रीक कथेतून आले. अकिलीसच्या आईने त्याला लहानपणी स्टिक्स नदीत बुडवून अभेद्य केले, पण टाच तिच्या हातात असल्याने तेवढीच कोरडी राहिली. आपल्याकडे गांधारीच्या दृष्टीतून दुर्योधनाची मांडी सुटली त्यातलाच हा प्रकार. गंमत म्हणजे होमरच्या महाकाव्यात ही टाचेची कथा नाही, ती नंतरची आहे. कंडरेला अकिलीसचे नाव छापील ग्रंथात दिले ते फिलिप फर्हेयन या फ्लेमिश शरीरशास्त्रज्ञाने, १६९३ साली. हा गृहस्थ धर्मगुरू व्हायला निघाला होता. आजारपणात त्याचा एक पाय कापावा लागला आणि तो वैद्यकाकडे वळला.

सपाता आणि पट्टे

कातडी न फाटता आतल्या आत ही शीर तुटू शकते, हे सोळाव्या शतकात फ्रान्सच्या आंब्रुआझ पारे याने नोंदवून ठेवले होते. पण उपचाराचा पद्धतशीर विचार दिसतो तो अठराव्या शतकात. १७२२ साली पॅरिसच्या झाँ-लुई पेती याने एका कसरतपटूची हकिकत प्रसिद्ध केली. उंच उडी मारताना त्याच्या दोन्ही पायांच्या शिरा एकदम तुटल्या होत्या. पेतीने त्याच्यासाठी एक सपात बनवली. तिच्या टाचेला एक पट्टा होता आणि तो वर गुडघ्याजवळच्या दुसऱ्या पट्ट्याला ओढून बांधता येई. त्यामुळे टाच वर, चवडा खाली अशा स्थितीत पाऊल राही आणि शिरेची दोन टोके जवळ येत. एडिंबरोचा शरीरशास्त्राचा प्राध्यापक अलेक्झांडर मन्रो याची स्वतःचीच शीर तुटली तेव्हा त्यानेही अशीच सपात स्वतःसाठी तयार केली, आणि पुढे चालताना उंच टाचेचे जोडे वापरले.

आज रोग्याला प्लास्टिकचा जो जाड बूट घालतात, त्यात टाचेखाली पाचरी ठेवलेल्या असतात आणि दर काही दिवसांनी एकेक पाचर काढली जाते. तीनशे वर्षांत सामग्री बदलली, भूमिती तीच आहे.

टोके जवळ आणली की ती जुळतात, इतके अनुभवाने कळले होते. ती कशाने जुळतात हे मात्र कुणी पाहिले नव्हते. ते पाहण्याचे काम जॉन हंटरने केले.

हंटर हा लंडनचा सर्जन, विद्यापीठाची पदवी नसलेला, हाती सापडेल तो प्राणी चिरून पाहणारा. देवीच्या लशीमुळे पुढे प्रसिद्ध झालेला एडवर्ड जेन्नर त्याचाच विद्यार्थी. १७६७ साली, त्याला रॉयल सोसायटीचे सदस्यत्व मिळाले त्याच वर्षी, नाचताना त्याची अकिलीस कंडरा तुटली. वय एकोणचाळिशीच्या आसपास. आजही ही दुखापत सर्वांत जास्त होते ती याच वयोगटातल्या आणि अधूनमधूनच खेळणाऱ्या पुरुषांना. टाच उंच ठेवून आणि पोटरी बांधून हंटरने आपला पाय बरा केला. पण घरी अडकून पडलेल्या दिवसांत त्याच्या डोक्यात आतल्या जुळणीचा प्रश्न घोळत राहिला.

त्याने कुत्र्यांवर प्रयोग केले. या प्रयोगाची मांडणी नीट पाहण्यासारखी आहे. कातडी उघडून शीर कापली असती तर जखमेत पू झाला असता, आणि मग जे दिसले असते ते शिरेचे जुळणे की जखमेचे चिघळणे, हे सांगता आले नसते. म्हणून हंटरने मोतीबिंदू पाडण्याची सुई घेतली. मोतीबिंदू बाजूला सारण्याची ही शस्त्रक्रिया आपल्याकडे सुश्रुताने वर्णन केलेली आहे आणि हंटरच्या काळी युरोपातही तीच चालत असे. ती बारीक, धारदार सुई त्याने शिरेपासून थोड्या अंतरावर कातडीत घातली आणि आतल्या आत तिच्या धारेने शीर कापली. बाहेरचे भोक चटकन बुजले. आत जे उरले ते नाचताना तुटलेल्या शिरेसारखेच होते. मग वेगवेगळ्या मुदतीनंतर एकेक कुत्रा मारून त्याने शिरेची अवस्था पाहिली आणि नमुने जपून ठेवले. निष्कर्ष असा की, कातडी शाबूत असेल तर मोडलेले हाड जसे सांधते, अगदी तशीच तुटलेली शीर सांधते.

भूल देण्याचा शोध लागायला अजून ऐंशी वर्षे होती. त्या कुत्र्यांनी काय सोसले असेल याचा विचार केल्यावाचून हा उतारा आम्हांला वाचता येत नाही. आज कोणतीही नीतिमत्ता समिती असा प्रयोग त्या रीतीने करू देणार नाही. परंतु त्या प्रयोगाचे फळ ज्यांना मिळाले ती माणसे, मुख्यतः लहान मुले, अगणित आहेत.

मुद्दाम कापलेली शीर

काही मुले जन्मतःच आत वळलेल्या पावलांची असतात. चवडा खाली आणि आत, टाच वर ओढलेली. अशा मुलांत अकिलीस कंडरा आखूड असते. ती कापली तर टाच खाली येईल हे कुणालाही सुचण्यासारखे होते, पण कापल्यावर पाय कायमचा लुळा पडेल ही भीती आड येई. १८१६ साली फ्रान्समध्ये देल्पेश याने तो प्रयत्न केला, पण जखम चिघळली. १८३१ साली हॅनोव्हरच्या श्ट्रोमायर याने कातडीला बारीकसे छिद्र पाडून आतल्या आत शीर कापली. म्हणजे हंटरने कुत्र्यांवर केले तेच. शीर जुळली आणि पाऊल सरळ झाले.

विल्यम जॉन लिट्ल नावाच्या तरुण इंग्रज डॉक्टरचे एक पाऊल लहानपणच्या आजाराने असेच वाकडे झाले होते. १८३६ साली तो श्ट्रोमायरकडे गेला, स्वतःवर शस्त्रक्रिया करून घेतली, आणि सरळ पावलाने लंडनला परतून त्याने ही पद्धत तिथे सुरू केली. पुढे १८६० साली विल्यम अॅडम्स याने अशा कापलेल्या मानवी कंडरा कशा भरून येतात यावर अख्खे पुस्तक लिहिले.

हा धागा थेट आपल्यापर्यंत येतो. मूळचे स्पेनचे इग्नासिओ पोन्सेती यांनी अमेरिकेतल्या आयोवा विद्यापीठात विसाव्या शतकाच्या मध्यास वाकड्या पावलांसाठी एक पद्धत बसवली. दर आठवड्याला पाऊल हळूहळू सरळ करत प्लास्टर बदलायचे आणि शेवटी बहुतेक बाळांत अकिलीस कंडरा छोट्या छिद्रातून पूर्ण कापायची. मग तीन आठवडे प्लास्टर. टाके नाहीत. प्लास्टर काढते वेळी शीर पुन्हा सांधलेली असते, आता हवी तेवढी लांब होऊन. २०१३ साली पालघर येथून सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात जी जन्मजात व्यंगे शोधली जातात, त्यांत वाकडी पावले आहेत. शाळेत तपासणीला येणारे जे पथक आमच्या वाचकांना ठाऊक असते, ते याच कार्यक्रमाचे.

म्हणजे शीर शिवल्यावाचून जुळते का, या प्रश्नाचे उत्तर दीडशे वर्षांपूर्वीच मिळाले होते. मग वाद कसला?

जुळते, पण किती लांब?

वाद कळायला आत काय घडते ते थोडे पाहू. तुटलेली शीर सुरीने कापलेल्या सुतळीसारखी नसते. ओढून तुटलेल्या सुंभासारखी असते, दोन्ही टोकांना धागे विस्कटलेले, जुन्या केरसुणीसारखे. मधल्या फटीत प्रथम रक्त साकळते. काही दिवसांत तिथे पेशी येऊन कोलॅजेन या प्रथिनाचे धागे विणू लागतात. हे पहिले धागे बारीक आणि सैरावैरा असतात. पुढे महिनोन्‌महिने त्यांची जागा जाड धागे घेतात आणि ते ताणाच्या दिशेने एकामागे एक ओळीने बसत जातात.

या काळात दोन प्रकारे घात होऊ शकतो. एक म्हणजे नवे विणकाम पक्के होण्यापूर्वी झटका बसला तर शीर पुन्हा तुटते. दुसरा घात मुकाट्याने होतो. टोके दूर राहिली, किंवा ओले विणकाम ताणले गेले, तर शीर जुळते पण मूळच्यापेक्षा लांब होऊन. सैल पट्ट्यावर चक्की नीट चालत नाही, तशी लांब झालेल्या शिरेवर पोटरीची ताकद पोहोचत नाही. माणूस चालतो, पण एका पायाच्या चवड्यावर उभे राहायला सांगितले तर टाच पुरती उचलत नाही. बाळाच्या वाकड्या पावलात जे लांबणे हवे असते, तेच इथे नको असते.

लगेच चवडा खाली करून पाय बांधणे का महत्त्वाचे, ते यावरून ध्यानात येईल. लेप लावण्यात महिना गेला तर फट तशीच, लांब होऊन भरते.

शिवण्याच्या बाजूचा युक्तिवादही यातूनच येतो. डोळ्यांनी पाहून टोके टोकांना भिडवली तर लांबी राखली जाईल. हंटरच्या काळी हे शक्य नव्हते, कारण उघडी जखम म्हणजे पू. बरोबर शंभर वर्षांनी, १८६७ साली, लिस्टरने जंतुनाशक शस्त्रक्रियेची पद्धत प्रसिद्ध केली आणि सर्जनांचे हात मोकळे झाले. १९२९ साली केन्यू आणि स्तोयानोविच या पॅरिसच्या सर्जनांनी तुटलेली अकिलीस कंडरा वेळ न दवडता शिवावी असा आग्रह धरला, आणि पुढची काही दशके बहुतेक ठिकाणी तीच रीत झाली.

याच सुमारास दुसरी एक रीतही पक्की झाली. मातिसेन या डच लष्करी सर्जनने १८५१ साली प्लास्टरच्या पट्ट्या आणल्या होत्या. दुखऱ्या अवयवाला संपूर्ण विश्रांती द्यावी, ही इंग्रज सर्जनांची शिकवण तिला जोडली गेली. फ्रान्सच्या ल्युका-शांपियोनिएर याने हालचाल हाच उपचार असे सांगून पाहिले, पण फार थोड्यांनी ऐकले. शीर शिवलेली असो वा नसो, पाय सहा ते आठ आठवडे प्लास्टरमध्ये.

दोन गोष्टी एकदम बदलल्या

शिवण्याला किंमत होती. घोट्याच्या मागे कातडी पातळ असते, तिथला रक्तपुरवठा बेताचा, त्यामुळे जखम भरायला त्रास होतो. शेजारून जाणारा संवेदनेचा मज्जातंतू दुखावला तर पावलाची बाहेरची कडा बधिर होते. १९५९ साली आर्नेर आणि लिंडहोल्म या स्वीडिश डॉक्टरांनी आपल्या ९२ रोग्यांचा हिशेब प्रामाणिकपणे मांडला. जवळपास पाव रोग्यांत शस्त्रक्रियेनंतर काही ना काही गुंतागुंत झाली होती. १९७२ साली अमेरिकेतल्या ली आणि स्मिथ यांनी न शिवता, केवळ आठ आठवडे प्लास्टर घालून बरे केलेल्या ६६ शिरांची माहिती दिली. सात शिरा पुन्हा तुटल्या होत्या, बाकीच्यांचे ठीक चालले होते.

मात्र एका गावचे रोगी शिवलेले, दुसऱ्या गावचे न शिवलेले, अशा तुलनेला अर्थ नाही. सर्जन कदाचित तरुण रोगी निवडत असेल, प्लास्टरवाल्याकडे थोराड येत असतील. उपाय एकच, रोग्यांची वाटणी चिठ्ठ्या टाकून करायची. गोथेनबर्गच्या निस्टोरने १०५ रोग्यांची अशी वाटणी करून १९८१ साली निष्कर्ष काढला की फरक थोडा आहे, तेव्हा न शिवणेच बरे. १९९३ साली डेन्मार्कमधून वेगळा सूर निघाला. शिवलेल्या ५६ जणांपैकी ३ जणांची शीर पुन्हा तुटली, न शिवलेल्या ५५ पैकी त्याहून अधिक जणांची. २००१ साली स्वीडनमधल्या ११२ रोग्यांच्या अभ्यासात तर तफावत डोळ्यांत भरण्यासारखी होती. शिवलेल्यांत सुमारे २ टक्के, न शिवलेल्यांत जवळजवळ २१ टक्के. सुरीचा विजय झाला असे बहुतेकांनी मानले.

आमचे वाचक विज्ञान शिकवतात, म्हणून या शेवटच्या प्रयोगाची मांडणी सांगतो. शिवलेल्या रोग्यांना हालचाल करता येईल असा पट्टा देऊन लवकर व्यायाम सुरू केला होता. न शिवलेल्यांना आठ आठवडे प्लास्टर. चिठ्ठ्या टाकल्या होत्या, मोजमाप चोख होते. पण दोन गटांत दोन गोष्टी एकदम बदलल्या होत्या. एका कुंडीला खत आणि ऊन, दुसरीला दोन्ही नाही, आणि मग रोप वाढले ते खतामुळे असे म्हणायचे. सातवीतल्या मुलाने असा प्रयोग वहीत लिहिला तर आपण लाल शाई काढू. यात त्या संशोधकांना हिणवण्याचा हेतू नाही. शिवलेल्या शिरेला हलवायला हरकत नाही, न शिवलेलीला हलवणे धोक्याचे, हे त्या काळी इतके उघड वाटत होते की ती वेगळी तपासण्याची गोष्ट आहे हेच सुचणे अवघड होते.

२०१० साली कॅनडाच्या विलिट्स आणि सहकाऱ्यांनी ती तपासली. १४४ रोगी, ७२-७२ ची वाटणी, आणि शिवलेले असोत वा नसोत, दोन्ही गटांना व्यायामाचे एकच वेळापत्रक. दोन आठवड्यांनी पाचरींच्या बुटात वजन टाकायचे आणि घोटा ठरवून दिलेल्या मर्यादेत हलवायचा. पुन्हा तुटलेल्या शिरा शिवलेल्यांत २, न शिवलेल्यांत ३. गुंतागुंत मात्र शिवलेल्यांत जास्त. दोन वर्षांनी सोरोशेनू आणि सहकाऱ्यांनी दहा अभ्यास एकत्र करून पाहिले. जिथे लवकर हालचाल होती तिथे शिवणे आणि न शिवणे यांत सांगण्याजोगा फरक नव्हता. जिथे प्लास्टर होते तिथे शिवणे सरस ठरले होते.

उंदरांवरच्या प्रयोगांनी याला पाठबळ मिळाले. स्वीडनच्या लिंकपिंग येथे आस्पेनबेर्ग यांच्या गटाने उंदरांची अकिलीस कंडरा कापून पोटरी औषधाने लुळी केली, तेव्हा नवी शीर फारच कमजोर झाली. उलट दिवसातून काही मिनिटे ताण दिला तरी ती बळकट होऊ लागे. हंटरचा प्रश्न, हंटरचीच रीत, फक्त आता भूल देऊन.

इथे थांबता आले असते तर गोष्ट किती नेटकी झाली असती! पण २०२० साली ब्रिटनमधल्या ५४० रोग्यांचा अभ्यास आला. कुणालाच शिवले नव्हते. अर्ध्यांना प्लास्टर, अर्ध्यांना पाचरींचा पट्टा आणि पहिल्यापासून चालण्याची मुभा. नऊ महिन्यांनी दोन्ही गट सारखेच, पुन्हा तुटण्याचे प्रमाण ६ आणि ५ टक्के. म्हणजे प्लास्टर वाटले होते तितके वाईट नाही, की पहिल्या आठवड्यातल्या चालण्याचा फायदा वाटला होता तितका नाही? आणि २०२२ साली नॉर्वेतून आजवरच्या मोठ्या अभ्यासांपैकी एक प्रसिद्ध झाला. ५२६ रोगी, तीन गट, न शिवलेले, उघडून शिवलेले आणि लहान छिद्रांतून शिवलेले. नंतरचा कार्यक्रम तिघांना सारखा. वर्षाअखेरीस चालणे, धावणे, जिना चढणे यांच्या गुणांत तिघे बरोबरीत. पुन्हा तुटण्याचे प्रमाण मात्र न शिवलेल्यांत ६.२ टक्के आणि शिवलेल्या दोन्ही गटांत ०.६ टक्के. मज्जातंतूला इजा न शिवलेल्यांत ०.६, उघडून शिवलेल्यांत २.८, छिद्रांतून शिवलेल्यांत ५.२ टक्के.

हे आकडे कसे वाचायचे? न शिवल्यास धोका दहापट, असे म्हटले तर ते खरे आहे. न शिवल्यास शंभरातल्या चौऱ्याण्णवांची शीर पुन्हा तुटत नाही, हेही तितकेच खरे आहे. आमचे मत विचाराल तर, लवकर निदान झालेल्या सर्वसाधारण माणसाने आधी न शिवण्याचा विचार करावा. खेळावर पोट असलेल्या खेळाडूचा हिशेब निराळा असू शकतो. मात्र न शिवणे म्हणजे काही न करणे नव्हे. पहिल्या दिवसांतच चवडा खाली करून पाय बांधावा लागतो, पाचर कधी काढायची हे जाणकार ठरवतो, आणि घरच्या घरी पट्टी गुंडाळून हे साधत नाही.

आम्ही सरांपुढे हे आकडे ठेवले. त्यांनी कागद उलटसुलट करून पाहिला आणि म्हणाले, "म्हणजे दोन उत्तरे नव्हती, प्रश्नच दोन होते." त्यांनी न शिवण्याचे ठरवले. दोन आठवडे प्लास्टर, मग सहा आठवडे पाचरींचा बूट. त्यातले बरेच दिवस ते खुर्चीत बसून, मुलांकडून फळ्यावर गणिते लिहवून घेत शिकवत होते. सहा महिन्यांनी भेटले तेव्हा लंगडत नव्हते. भिंतीला हात लावून त्यांनी डाव्या पायाच्या चवड्यावर उभे राहून दाखवले. मग उजव्या. टाच जमिनीपासून दोन बोटे उचलली आणि थरथरत खाली आली. गेल्या महिन्यात एकच बोट उचलत होती, असे ते म्हणाले.